दोराची दाढी कोणी काढली?

इक्बाल परकार या सरंगावर अन्याय झाला. २००९ सालच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या गुरुवारी, भर दुपारी, शारजाच्या किनाऱ्यासमोर नांगरून ठेवलेल्या एका बोटीवर. अन्याय करणारा माणूस त्या वेळी दुबईत एसीमध्ये बसून सँडविच खात होता.

संपादकांनी माझ्याकडे ‘आखाती नोकरीतले गमतीदार अनुभव’ मागितले होते. गमती आहेत, देते. पण कॉलेजात असताना मी पुण्यात कंत्राटी सफाई कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. तिथं हाताला लागलेलं वळण जात नाही. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मधल्या भागात लोक वडापाव गुंडाळतात. इथे अमिरातीत पत्रकं वाटायची सोय नाही, म्हणून दिवाळी अंक. फराळाच्या पाककृती आणि राशिभविष्य यांच्या मध्ये मला जागा मिळेल असं कळलंय. चालेल.

आधी धंदा सांगते. मी मेकॅनिकल इंजिनीअर. दुबईत रास अल खोरला दोरखंड, साखळ्या आणि कप्प्या विकणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला लागले. राहायला रोल्लाजवळ, कारण शारजात भाडं कमी. ते वाचलेलं भाडं आपण रोज सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये बसून फेडतो. आई नातेवाइकांना सांगायची, ‘ती मरीन कंपनीत व्हायब्रेशन बघते.’ नातेवाइकांना वाटायचं मी मोबाइल दुरुस्त करते. खरं काम दोन्हीपेक्षा हलकं होतं. मी दोराला झिपऱ्या बांधायचे.

हसू नका. नांगर टाकला की बोट थांबते, पाणी थांबत नाही. भरती-ओहोटीचं पाणी ताणलेल्या दोराला आडवं ओलांडून जातं, तेव्हा दोराच्या मागे भोवरे सुटतात. एक डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून. प्रत्येक भोवरा जाता जाता दोराला टपली मारतो. टपल्या तालात पडल्या आणि तो ताल दोराला मानवला, की दोर थरथरायला लागतो. पतंग उंच गेल्यावर मांजा बोटात गुणगुणतो, तेच हे. फक्त इथे मांजा मनगटाएवढा जाड आणि दुसऱ्या टोकाला अख्खी बोट.

ही गुणगुण पाण्यातच राहिली असती तर माझी नोकरी नसती. दोर बोटीच्या नाकाला बांधलेला असतो, आणि नाकाच्या आत, लोखंडाच्या त्या डब्यात, खलाशांची केबिन असते. कप्तानाची केबिन मागे, वरच्या मजल्यावर, खिडकीसकट. बोटी बांधणारे समाजशास्त्र शिकलेले नसतात, तरी त्यांना हे बरोबर जमतं.

उपाय सोपा आहे, त्यामुळे त्याला मान नाही. भोवऱ्यांचा ताल बिघडवायचा. पाण्यात राहणाऱ्या दोराला वीतभर लांबीच्या, सुट्या धाग्यांच्या झिपऱ्या जवळजवळ बांधायच्या, म्हणजे भोवरे जागोजागी वेगवेगळे सुटतात. वरातीच्या बँडमध्ये प्रत्येकानं वेगळं गाणं धरलं की कोणी नाचत नाही, तसं दोराचं होतं. शिवाय दोर जास्त सोडायचा, ताठ ठेवायचा नाही, आणि तो बोटीवर चढतो तिथल्या लोखंडी ओठावर जाड रबर घालायचं. एवढंच.

२००८ च्या शेवटी समुद्रात वाळू ओतून जमीन करायची कामं पटापट बंद पडली. विमानतळावर गाड्या सोडून पळालेल्या लोकांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. बोटी कोणी विमानतळावर नेत नाही. त्या समुद्रातच सोडल्या गेल्या. धक्क्याला लावायचं तर भाडं पडतं, म्हणून किनाऱ्यासमोर नांगरल्या आणि वर एकदोन माणसं ठेवली, राखणीला.

आमच्या एका गिऱ्हाइकाच्या अशा दोन जुळ्या बोटी होत्या. कागदावर त्यांची नावं मोठी दिमाखदार. आम्ही वर्कशॉपात पहिलीला म्हैस म्हणायचो. तिचा आकार आणि पाण्यात डुंबत बसायची पद्धत बघून कोणीही तेच म्हटलं असतं. दुसरी अर्थात रेडा. म्हशीवर पूर्वी सहा माणसं होती. मंदीत दोन उरली: सरंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, इक्बालभाई, रत्नागिरीच्या खाडीकाठचे, आणि स्वयंपाकी बशीर, केरळचा.

इक्बालभाईंचा पहिला फोन मला अजून आठवतो.

“बाय, तुमीच काय त्या दोरवाल्या?”

“हो. काय झालं?”

“आमची बोट गाते गो.”

“कसं गाते?”

त्यांनी फोन केबिनच्या भिंतीला लावला. मला वाटलं, कोणीतरी प्रचंड मोठ्या मधमाशीला डब्यात कोंडलंय.

मी गेले. छोट्या लाँचवरून म्हशीवर चढताना बशीरनं हात दिला आणि लगेच आपली बाजू मांडली. आधी संशय फ्रीजरवर घेतला होता. फ्रीजर बंद केला. सुरमई सडली, आवाज तसाच. मग जनरेटर बंद केला. पंखे थांबले, माणसं उकडली, आवाज तसाच. इक्बालभाईंनी मला केबिनमध्ये नेलं आणि काचेचा ग्लास दाखवला. त्यात त्यांची कवळी होती.

“बघ,” ते म्हणाले.

कवळी ग्लासात वाजत होती. पाणी थरथरत होतं आणि दात एकमेकांवर आपटत होते, जणू आत कोणी थंडीनं कुडकुडतंय.

“रातभर माझे दात माझ्याशिवाय बोलतात. मी काय झोपणार?”

मी बशीरकडून आमटीचा लांब डाव मागून घेतला, एक टोक दोरावर टेकवलं, दुसरं कानाच्या हाडावर. वर्कशॉपात आम्ही हे पेचकसानं करतो, डावानं जास्त चांगलं होतं. दोर स्वच्छ, एकसुरी गात होता. फ्रीजर निर्दोष सुटला. बशीरला सुरमईचं जे दुःख झालं ते मी इथे लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोर बदलला. झिपऱ्या बांधल्या, रबर घातलं, दोर भरपूर सोडला. दोर पाण्यात गेला तेव्हा कोणा म्हाताऱ्या दर्यावर्द्याची दाढी वाटत होता. आणि मग आवाज थांबला. इक्बालभाई ग्लासाकडे बघत उभे राहिले. कवळी तळाशी गप्प पडली होती.

“खलास,” ते म्हणाले, आणि मला निरोप द्यायलासुद्धा न थांबता झोपायला गेले. माझ्या नोकरीत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

इथे गोष्ट संपली असती, आणि संपादकांना हवी तशी गमतीदार राहिली असती. पण बोटींच्या मालक कंपनीला म्हैस विकायची होती.

कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर कर्णिकसाहेब. मूळचे दादरचे, वीस वर्षं दुबईत. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत, बोलायला गोड, घरी गेलं तर चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. वाईट माणूस असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. एक गिऱ्हाईक बोट बघायला येणार असं कळल्यावर साहेबांनी म्हशीला रंग लावला, पितळ घासून घेतलं, आणि मग त्यांची नजर दोरावर पडली. झिपऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. धरणारच, समुद्र आहे.

त्यांनी झिपऱ्या कापून टाकायला लावल्या. मला कळल्यावर मी फोन केला.

“सर, झिपऱ्या का काढल्या?”

“अगं, पार्टी बोट बघायला येतेय. मी काय दाढीवाली नवरी दाखवू?”

“आणि दोर आखडून का घेतला?”

“ढिल्या दोरावर बोट वेडीवाकडी फिरते. फोटोत सरळ नको दिसायला?”

बघा, मी स्वतः तीन वेळा पोह्यांच्या बशीसकट दाखवली गेलेली मुलगी आहे. तो प्रकार मला पाठ आहे. केस घट्ट ओढून बांधायचे, चेहऱ्यावरचं खरंखुरं काही राहू द्यायचं नाही, पाठ ताठ. जगात इतर लोकही बोटी विकतात. पण दोराची दाढी काढून, त्याला ताठ बसवून, बोटीला कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसवणं हे आपल्याच माणसाला सुचू शकतं. आणि नेहमीसारखंच, बघायला येणारे आलेच नाहीत. त्यांचीही कंपनी बुडाली होती, असं नंतर कळलं.

गिऱ्हाईक आलं नाही, आणि दाढीही परत आली नाही. म्हैस पुन्हा गायला लागली, आणि दोर ताठ असल्यामुळे पूर्वीपेक्षा वरच्या पट्टीत. इक्बालभाई ऑफिसला फोन करायचे. ऑफिस म्हणायचं, इन्शाल्ला. अरबी माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्यात देव असतो. आपल्या ऑफिसांमध्ये म्हणतात तेव्हा त्यात फक्त ‘नाही’ असतं.

मला फोन करायचे तेव्हा हसत बोलायचे. “बाय, आता भातपण ताटात चालतो.” मग हसणं कमी झालं. शेवटी शेवटी ते वाक्य अर्धं सोडून द्यायचे आणि ‘मी काय सांगत होतो?’ असं मलाच विचारायचे. दोघांनी आळीपाळीनं पहारा करायचा, आणि पाळी नसलेल्यानं त्या डब्यात झोपायचं. दोघंही झोपत नव्हते. मी आमच्या वर्कशॉपमधून झिपऱ्या घेऊन जायला तयार होते, पण कंपनीच्या परवानगीशिवाय लाँच मला बोटीवर नेत नव्हती. कर्णिकसाहेबांना मी सांगितलं की ताठ दोर नुसता गात नाही, गाता गाता लोखंडी ओठावर घासतो आणि करवतीसारखा स्वतःलाच कापतो. साहेब म्हणाले, “आवाजानं कोणी मरत नाही.”

मग तो गुरुवार. उत्तरेकडून शमाल, म्हणजे इथला हिवाळ्यातला जोराचा वारा, सुटला होता. दोर तुटला. म्हैस सावकाश, कोणाला न विचारता, किनाऱ्याकडे निघाली आणि बंदराबाहेरच्या दगडी बांधाला जाऊन टेकली. कोणाला लागलं नाही. बोटीचं नाक चेपलं. बंदराची माणसं वर चढली तेव्हा बशीर केबिनमध्ये गाढ झोपला होता, आणि पहाऱ्यावर असलेले इक्बालभाई सुकाणूच्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले होते. आपटल्यावरसुद्धा त्यांना जाग आली नव्हती.

ठरलं. ड्युटीवर झोपला. बोट वाहवली. त्यांच्या नावापुढे तसा शेरा बसला, व्हिसा रद्द झाला, आणि भारतात परतायची तयारी सुरू झाली.

जाण्याआधी ते रोल्लाला एका ओळखीच्याच्या खोलीवर होते. मी भेटायला गेले. चहा आला. मी पत्रकवाल्या तोऱ्यात विचारलं, “इक्बालभाई, दोर तुटल्यावर तुम्ही काय केलंत, क्रमानं सांगा.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“क्रम असा हाय बाय. मी जागा होतो. चेहऱ्यावर पाणी मारत होतो, उभा होतो. आणि एकदम आवाज बंद झाला. एकदम. माका वाटलं, तुमीच आलात. झिपऱ्या बांधल्यात. मी म्हटलं, आली गो बाय एकदाची. आणि खुर्चीवर बसलो. बस. तेवढंच आठवतं.”

म्हणजे झोपल्यामुळे दोर तुटलेला कळला नाही, असं नव्हतं. दोर तुटला, म्हणून शांतता झाली. शांतता झाली, म्हणून माणूस झोपला. हे मी कर्णिकसाहेबांना त्यांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे रेलली.

“तू इंजिनीअर आहेस की चळवळी?”

“सध्या दोन्ही.”

“ऐक. झोप ही शिस्तीची गोष्ट आहे. मी कॉलेजला असताना बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचो. मला कुठेही झोप येते. आवाजबिवाज सगळी निमित्तं.”

“मग रेड्यावर चला,” मी म्हटलं. “तोच दोर, तोच ताण, तीच केबिन. तासभर पडून दाखवा.”

माणसाला अभिमानाच्या जागी पकडलं की तो येतो. पुढच्या आठवड्यात, सकाळी, आम्ही रेड्यावर चढलो. बशीरला आता तिथे हलवलं होतं, त्यानं मटण चढवलं होतं. साहेबांनी बूट काढले, चष्मा काढून डोक्याजवळच्या फळीवर ठेवला, आणि डोळे मिटले. ओहोटीचं पाणी जोरात होतं. दोर मस्त लागला होता.

मी दारात उभी राहून बघत होते. आधी साहेबांनी कूस बदलली. मग उशी डोक्यावर घेतली. मग चष्मा. तो फळीवरून सरकत सरकत निघाला, खेकड्यासारखा तिरका, आणि काठावरून थेट साहेबांच्या छातीवर पडला. साहेब उठून बसले. तोंड पांढरं पडलं होतं आणि ते जबडा चोळत होते.

“दाढा झिणझिणतात,” ते म्हणाले.

“अजून थोडा वेळ सर. तुम्हाला कुठेही झोप येते ना?”

साहेबांनी माझ्याकडे जे बघितलं ते मंडळाच्या पहिल्या रांगेत चाललं नसतं. पण पडले पुन्हा. मी डेकवर गेले. झिपऱ्या लावलेला दोराचा जास्तीचा तुकडा आम्ही, आता परवानगी मिळाल्यामुळे, आदल्या दिवशीच जोडून गुंडाळून ठेवला होता. लाँचवरच्या खलाशांना म्हटलं, यल्ला, चला. दोर ढिला झाला, दाढी पाण्यात उतरली, ओठावर रबर बसलं. आवाज मेला.

मी खाली गेले. साहेब झोपले होते. तोंड उघडं, एक हात बिछान्याबाहेर लोंबकळत, घोरत. मोजे घातलेल्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर. एकेक करून सगळे बघून गेले. बशीर डाव हातात घेऊन दोनदा आला.

बऱ्याच वेळानं साहेब उठले. म्हणाले, “मी झोपलो नव्हतो. विचार करत होतो.”

“सार,” बशीर अदबीनं म्हणाला, “आपका सोच बहुत खर्राटा मारता.”

“जेवण जड झालं असेल,” साहेब म्हणाले.

“सार, खाना तो अब्बी लगाया.”

मी म्हटलं, “आता इक्बालभाईंचा शेरा काढा.”

“अगं, माझी गोष्ट वेगळी. मी काही ड्युटीवर नव्हतो.”

“आज कामाचा दिवस आहे सर. ऑफिसची वेळ आहे. कंपनीच्या लाँचनं आलात. मग तुम्ही कशावर होतात?”

साहेब मोठ्यानं हसले. खरंच हसले, आणि मला त्यांच्या ताटातली मटणाची सगळ्यात चांगली बोटी वाढली. “तू फार बोलतेस,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सगळ्या बोटींना झिपऱ्या बांधायचं काम आम्हाला मिळालं. माझ्या बॉसनं मला ‘हबीबी’ म्हटलं, जे तो फक्त बँकेच्या माणसांना म्हणतो. माझ्या धंद्याचा विजय झाला. सगळ्या बोटी शांत झाल्या.

शेरा तसाच राहिला. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, ते एचआरचं. एचआरला विचारलं, ते म्हणाले, ते ऑपरेशन्सचं. या दोन टेबलांच्या मध्ये पाणी वाहत असतं तर तिथेही एक दोर गायला लागला असता.

इक्बालभाई गावी आहेत. ईदला फोन करतात. मुंबईच्या एजंटकडे अजून जातात. गेल्या खेपेला म्हणाले, “तो विचारतो, परकार म्हंजे तोच काय, झोपणारा? बसलेली सगळी पोरं हसतात. मीपण हसतो. काय करू?” सबंध आयुष्य समुद्रावर जागं राहिलेल्या माणसाचं नाव झोपणारा पडलं, आणि ज्यानं त्याची झोप दोराबरोबर आखडून घेतली त्याचा मागच्या वर्षी मंडळात शाल देऊन सत्कार झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, हात दुखतोय का?

आता मागणी. कर्णिकसाहेब, हा अंक तुमच्याकडे येतो, मला माहीत आहे. तो शेरा खोडा. अजून वेळ गेलेली नाही. बोटींवर माणसं भरणाऱ्यांनो, इक्बाल परकार नावाचा सरंग कामाला तयार आहे. त्याला बोलवा आणि झोपायला शांत जागा द्या.

आणि बाकीच्यांनो, तुम्हीही सुटलेला नाहीत. हा अंक वाचणाऱ्यांतले निम्मे कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसून सह्या करतात. ‘ड्युटीवर झोपला’ असा कागद तुमच्यासमोर येईल, बोटीवरच्या माणसाचा, नाहीतर लेबर कॅम्पातल्या, नाहीतर गेटवरच्या वॉचमनचा. सही करू नका. उठा, तो माणूस जिथे झोपतो तिथे जा, आणि त्याच्या बिछान्यावर आडवे व्हा. चष्मा काढून डोक्याजवळच्या फळीवर ठेवा. चष्मा चालायला लागला, तर पेन खाली ठेवा.